फिल्टर लावला आणि कव्हरेज गायब: कर्नल फझिंगमधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

आधी लक्षणं. सिझकॉलर, म्हणजे आपोआप बनवलेले सिस्टिम कॉलचे प्रोग्रॅम कर्नलवर चालवून बग शोधणारा फझर, नीट चालत होता, कव्हरेजचा, म्हणजे कर्नलमधला किती कोड चालला याचा, आकडा चढत होता. मग तुम्ही ठरवलं की सगळ्या कर्नलभर भटकण्यापेक्षा एकाच भागावर जोर द्यावा, आणि कॉन्फिगमध्ये कव्हरेज फिल्टर लिहिला. त्यानंतर यांपैकी काहीतरी सुरू झालं:

- मॅनेजरच्या, म्हणजे सिझकॉलरच्या मुख्य प्रोग्रॅमच्या, पानावर फिल्टरमधलं कव्हरेज शून्य. प्रोग्रॅम मात्र धडाधड चालतायत.
- शून्य नाही, पण तासाभरात एका आकड्यावर येऊन बसलं आणि दोन दिवस हललं नाही.
- रिपोर्टमध्ये रंग भलत्याच ओळींवर: कॉमेंटवर, रिकाम्या ओळीवर, बंद ठेवलेल्या कोडवर.
- तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर दोनदा वेगळं कव्हरेज.
- फिल्टरमध्ये नसलेल्या फाइलींचं कव्हरेजही थोडंथोडं दिसतं.
- मॅनेजर सुरूच होत नाही. अमुक नियम कशाशीच जुळत नाही असं सांगून थांबतो.

शेवटचं लक्षण ज्याला दिसलं तो सुटला, कारण यंत्राने चूक स्वतःहून दाखवली. बाकीच्या पाचांत यंत्र गप्प असतं.

मी नाशिकमध्ये छोट्या टीमसोबत कर्नलचं काम करतो. सातपूरच्या आमच्या खोलीत फझिंगची दोन मशीन अखंड चालू असतात. गेल्या काही वर्षांत हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे, आमच्याकडे, मित्रांकडे आणि इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांकडे, की फोनवर "दादा, फिल्टर लावल्यापासून काहीच येत नाही" एवढं ऐकलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते सगळे इथे एका जागी लिहितो आहे. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे: पहिल्या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात, शेवटच्यांना कर्नल नव्याने बांधावं लागतं. क्रम मोडू नका. मी मोडला होता. रिमोट कव्हरेजच्या (तपासणी ७) मागे दोन रात्री घालवल्या आणि दोष निघाला नियमातल्या एका गहाळ चिन्हाचा.

पर्यायांची, फाइलींची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत. कॉन्फिगमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने टाकायची.

चाळण्या तीन आहेत

तपासायला बसण्याआधी हे डोक्यात पक्कं करा, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे.

कर्नलचं कव्हरेज देणारी सोय म्हणजे केकोव्ह. ती लिनक्सच्या ४.६ आवृत्तीत, २०१६ साली आली. कर्नल बांधताना कंपायलर कोडच्या प्रत्येक बेसिक ब्लॉकमध्ये (मधे फाटा नसलेल्या तुकड्यामध्ये) एका छोट्या फंक्शनची हाक पेरतो. ब्लॉक चालला की ते फंक्शन स्वतःचा परतीचा पत्ता एका बफरमध्ये लिहितं. प्रोग्रॅम संपल्यावर फझर तो बफर वाचतो.

म्हणजे पहिली चाळणी बांधणीच्या वेळची: कोणत्या फाइलींत हाक पेरली आणि कोणत्यांत नाही. दुसरी कर्नल चालताना: हाक पेरलेली आहे, पण या क्षणी, या संदर्भात पत्ता नोंदवायचा की नाही, आणि बफरमध्ये जागा आहे की नाही. तुम्ही कॉन्फिगमध्ये लिहिलेला फिल्टर ही तिसरी चाळणी. ती लागते बफर भरून झाल्यावर.

लासलगावला कांद्याची प्रतवारी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. चाळणीची भोकं कितीही बदला, शेतातच राहून गेलेला कांदा तिच्यावर येणार नाही. शून्य कव्हरेजच्या तक्रारी माझ्याकडे आल्या त्यांतल्या बऱ्याच पहिल्या किंवा दुसऱ्या चाळणीच्या होत्या, आणि माणूस मात्र तिसरीचेच नियम उलटेपालटे करत बसला होता.

तपासणी १: कॉर्पसची प्रत काढा, मग लॉगची सुरुवात वाचा

वर्कडिरमधली, म्हणजे सिझकॉलरच्या कामाच्या फोल्डरमधली, कॉर्पसची (जपून ठेवलेल्या उपयोगी प्रोग्रॅमच्या साठ्याची) डेटाबेस फाइल आधी दुसरीकडे कॉपी करा. फिल्टर बदलून मॅनेजर पुन्हा सुरू केला की जुने प्रोग्रॅम नव्या फिल्टरच्या कसोटीवर पारखले जातात. नव्या चौकटीत ज्यांचा उपयोग दिसत नाही ते कॉर्पसमधून गळतात. अरुंद फिल्टरवर एक रात्र चालवलेला कॉर्पस सकाळी आकसलेला मिळतो, आणि प्रत नसेल तर कित्येक आठवड्यांचं काम गेलं. आमच्याकडे हे एकदा झालं आहे. तेव्हापासून फिल्टरला हात लावण्याआधी प्रत काढायची, हा नियम कोणालाही माफ नाही.

मग लॉग, अगदी वरच्या ओळींपासून. फिल्टरचा कोणता नियम कोणत्या फाइलींशी किंवा फंक्शनशी जुळला, हे मॅनेजर सुरू होतानाच छापतो. ती यादी पूर्ण वाचा. दहा फाइली अपेक्षित असताना दोनशे दिसल्या, किंवा दहाऐवजी एक दिसली, तर दोष नियमात आहे. सरळ तपासणी ३ कडे जा. मॅनेजरच्या वेब-पानावर फिल्टरमधल्या पत्त्यांची यादीही मिळते. ती रिकामी असेल तर पुढे काही चालवण्यात अर्थ नाही.

तपासणी २: चालणारं कर्नल आणि व्हीएमलिनक्स एकाच बांधणीचे आहेत ना?

रंग भलत्या ओळींवर पडत असेल तर पहिला संशय इथे घ्या. फिल्टर पत्त्यांवर चालतो. "नेट/स्केडमधल्या (नेटवर्कच्या वाहतूक नियंत्रणाच्या फोल्डरमधल्या) फाइली" या नियमाचं पत्त्यांत रूपांतर करताना मॅनेजर तुम्ही दिलेल्या व्हीएमलिनक्स फाइलमधली, म्हणजे न दाबलेल्या कर्नलमधली, डीबग माहिती वाचतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र बूट होते ती दाबलेली इमेज, वेगळी फाइल. एखादा पर्याय बदलून पुन्हा बांधलं आणि इमेज जुनीच राहिली, की सगळे पत्ते सरकतात. फिल्टर मग शेजारच्या घराचं दार वाजवत बसतो.

तारीख पाहून समाधान मानू नका, बिल्ड आयडी (प्रत्येक बांधणीची ओळखखूण) जुळवा. व्हीएमलिनक्सचा आयडी रीडएल्फ या हत्याराने नोट्स वाचून मिळतो. चालत्या कर्नलचा सिस फाइलसिस्टिममध्ये, कर्नल फोल्डरखालच्या नोट्स फाइलमध्ये असतो. दोन्ही अक्षरशः सारखे हवेत.

याच ओघात दोन पथ पाहून घ्या. कर्नल डॉकरमध्ये किंवा दुसऱ्या मशीनवर बांधलं असेल तर डीबग माहितीत तिथले पथ कोरलेले असतात. सोर्सचा पथ आणि बांधणीच्या वेळचा सोर्सचा पथ यांसाठी सिझकॉलरच्या कॉन्फिगमध्ये वेगवेगळ्या जागा आहेत. दुसरी जागा रिकामी सोडली तर दोन्ही एकच आहेत असं तो धरतो, आणि तुमचा नियम फाइलींच्या नावांशी जुळत नाही. डीबग माहितीच बंद ठेवून बांधलं असेल तर फाइलींची नावं येणार तरी कुठून, हेही तपासा.

तपासणी ३: नियमाची सुरुवात आणि शेवट

फिल्टरचे नियम म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. त्यात सुरुवातीला ^ नसेल तर नियम मधेही जुळतो. "नेट/" एवढंच लिहिलं तर कर्नलचं नेट फोल्डर तर येतंच, पण "ड्रायव्हर्स/नेट/" सुद्धा येतं, आणि ते अवाढव्य आहे. हवं असतं "^नेट/स्केड/". कव्हरेज भलत्या ठिकाणी वाढतंय असं वाटलं की मी आधी हे एक चिन्ह शोधतो.

हेडर फाइलचं नाव नियमात लिहू नका. फाइलींचा नियम कंपायलेशन युनिटच्या नावाशी, म्हणजे सी फाइलीशी जुळवला जातो. हेडरमधलं इनलाइन फंक्शन ज्या सी फाइलीत विरघळलं, तिच्या नावावर ते मोजलं जातं.

फंक्शनच्या नियमांत आणखी एक फसवणूक आहे. कंपायलर अनेकदा फंक्शनची खास आवृत्ती बनवतो आणि नावाला शेपटी जोडतो: टिंब-आयएसआरए-टिंब-०, टिंब-कॉन्स्टप्रॉप-टिंब-०, टिंब-पार्ट-टिंब-०. तुम्ही नियम लिहिलेला असतो ^ ने सुरू आणि $ ने बंद, अगदी काटेकोर. व्हीएमलिनक्समध्ये त्या नुसत्या नावाचं सिम्बॉलच (नावाची नोंदच) उरलेलं नसतं. एनएम हे हत्यार चालवून सिम्बॉलची यादी काढा आणि डोळ्यांनी पाहा. नाव शेपटीसह असेल तर $ काढा, किंवा शेवटी टिंब चालेल अशी सोय करा. नाव अजिबात नसेल तर ते स्टॅटिक फंक्शन हाक मारणाऱ्यातच इनलाइन झालं आहे. तिथे फंक्शनचा नियम सोडा, फाइलीचा लावा.

तपासणी ४: ती फाइल बांधली गेली का, आणि हाक पेरली गेली का?

इथे पहिली चाळणी सुरू होते.

साधा प्रश्न आधी: तुमचा कोड मुळात कर्नलमध्ये आहे का? वाहतूक नियंत्रणाच्या एकेका शिस्तीला, म्हणजे क्यूडिस्कला, स्वतंत्र कॉन्फिग पर्याय असतो. नेट/स्केडवर फिल्टर लावलाय आणि निम्म्या क्यूडिस्क बंद, अशी कॉन्फिग मी वरचेवर पाहतो. पर्याय मॉड्यूल म्हणून असेल तर तो कर्नलच्या पोटात घ्या. मॉड्यूल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर चढू शकतं. सिझकॉलर ते सांभाळायचा प्रयत्न करतो, पण मॉड्यूलची मूळ फाइल, तिची जागा, प्रत्येक मशीनवर तेच मॉड्यूल असणं, एवढ्या गोष्टी जुळाव्या लागतात. पोटात घेतलं की हा सगळा धागाच तुटतो. दर बूटला कर्नलचे पत्ते विस्कळीत करणारी केएएसएलआरची सोयही फझिंगच्या कर्नलमध्ये बंद ठेवा. मुख्य कर्नलचं सरकणं केकोव्ह स्वतः वजा करतो हे खरं, पण मॉड्यूलचं नाही.

आता थोडा कमी माहितीचा भाग. काही फाइलींत कर्नलच्या लेखकांनीच कव्हरेज मुद्दाम बंद केलेलं आहे. मेकफाइलमध्ये "केकोव्ह इन्स्ट्रुमेंट" या नावापुढे नकार लिहिलेला असतो, पूर्ण फोल्डरसाठी किंवा एकेका ऑब्जेक्ट फाइलीसाठी. शेड्युलर, लॉकिंग आणि आरसीयूची फोल्डरं, मेमरी व्यवस्थापनातली स्लब आणि पेज अ‍ॅलोकेटरची फाइल, सॉफ्टआयआरक्यूची (इंटरप्टनंतर करायला ठेवलेल्या कामाची) फाइल, लायब्ररीतली स्ट्रिंग आणि आरबीट्री, ही त्यातली ठळक नावं. कारण पटण्यासारखं आहे. या कोडचं कव्हरेज तुम्ही कोणता सिस्टिम कॉल कोणत्या इनपुटने केलात यावर ठरत नाही. त्या क्षणी मेमरी किती मोकळी आहे, कोणता लॉक कोणाकडे आहे यावर ठरतं. फझरला ते दाखवलं तर प्रत्येक प्रोग्रॅम त्याला नवा वाटेल आणि कॉर्पस कचऱ्याने भरेल.

मागे एक मुलगा लॉकिंगच्या फोल्डरवर फिल्टर लावून आठवडाभर शून्याकडे पाहत होता. चूक त्याची नव्हती. फिल्टरच्या कोणत्याही पानावर हे लिहिलेलं त्याला सापडलं नव्हतं. तपासणी मात्र सोपी आहे. हव्या त्या ऑब्जेक्ट फाइलीवर ऑब्जडम्प (आतल्या मशीन सूचना दाखवणारं हत्यार) चालवा आणि ट्रेस-पीसीच्या सॅनिटायझर फंक्शनला किती हाका आहेत ते मोजा. एकही नसेल तर तिसरी चाळणी कितीही हलवा, काही पडणार नाही. मेकफाइलमधला नकार काढून बांधता येतं, पण तो तिथे का आहे हे समजून मगच काढा.

तपासणी ५: पत्त्यांची यादी दिली असेल तर

फाइली आणि फंक्शनऐवजी थेट पत्त्यांची यादीही फिल्टरला देता येते. यादी स्वतः बनवलेली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: केकोव्ह नोंदवतो तो परतीचा पत्ता, म्हणजे हाकेच्या पुढच्या सूचनेचा. ऑब्जडम्पमध्ये तुम्हाला दिसतो तो हाकेचा. एक्स८६-६४ वर ही हाक ५ बाइटची, एआरएम६४ वर सूचना ४ बाइटची. दोन पत्त्यांत नेमका तेवढा फरक पडतो. यादी सगळी बरोबर आणि जुळणी शून्य, असं झालं की हा फरक तपासा. दोन्ही पद्धतींचे पत्ते एकाच यादीत मिसळू देऊ नका. मॅनेजर स्वतः जी कच्च्या पत्त्यांची यादी देतो ती नमुना म्हणून समोर ठेवा.

तपासणी ६: फिल्टर बरोबर आहे, पण फार अरुंद आहे

दुसऱ्या लक्षणाचं, तासाभरात थिजणाऱ्या आकड्याचं, हे नेहमीचं कारण. इथे तांत्रिक चूक काहीच नसते, म्हणूनच ते सापडायला वेळ लागतो.

फिल्टर काय करत नाही हे आधी पाहू. कोणते सिस्टिम कॉल चालवायचे हे तो ठरवत नाही. ते काम कॉन्फिगमधल्या सिस्टिम कॉलच्या यादीचं. फिल्टर ठरवतो ते एवढंच की कोणतं नवं कव्हरेज फझरच्या नजरेला पडावं. फझर शिकतो तो या नजरेतूनच. एखादा बदल करून नवा ब्लॉक सापडला तर तो प्रोग्रॅम जपून ठेवायचा आणि त्याच्यावर पुढचे बदल करायचे, अशी त्याची पायरीपायरीची चाल आहे.

आता नेट/स्केडचं पाहा. तिथे पोचायला आधी नेटलिंकचा (कर्नलला नेटवर्कची सेटिंग कळवायच्या मार्गाचा) संदेश नीट बांधावा लागतो. तो नेट/नेटलिंकमधून जातो, मग नेट/कोअरमधल्या आरटीनेटलिंकच्या फाइलीत, त्याचे गुणधर्म लिब फोल्डरमधल्या एनएलअ‍ॅटरच्या फाइलीत तपासले जातात, आणि मग कुठे क्यूडिस्कचा कोड लागतो. तुमचा फिल्टर फक्त "^नेट/स्केड/" असेल तर वाटेवरच्या या सगळ्या पायऱ्या फझरला दिसतच नाहीत. संदेशाचा एक गुणधर्म बरोबर बसला, आरटीनेटलिंक एक पाऊल पुढे गेला, पण फझरच्या लेखी काहीच घडलं नाही. तो प्रोग्रॅम टाकून दिला जातो. सिस्टिम कॉलच्या वर्णनांच्या फाइली चांगल्या असतील तर काही संदेश योगायोगाने पोचतात, सहज हाती लागणारं कव्हरेज तासाभरात मिळतं, आणि मग भिंत.

दिंडोरीकडे काकांच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर घडांची विरळणी करायला मी लहानपणी जायचो. मणी कमी केले की उरलेले फुगतात, म्हणून हाताला जोर यायचा. काका कातर थांबवून सांगायचे, देठ दिसू लागला की पुरे, पुढे कापशील तो मणी नव्हे, घड. फिल्टर अरुंद करताना मला ते आठवतं.

उपाय असा. फिल्टरमध्ये लक्ष्याबरोबर वाटही घाला: नेट/स्केड, नेट/नेटलिंक, आरटीनेटलिंकची फाइल, एनएलअ‍ॅटरची फाइल. सिस्टिम कॉलची यादी मात्र घट्ट ठेवा, म्हणजे भटकणं तिकडून आटोक्यात राहील. आकडा हलू लागला की एकेक नियम काढून बघा. सिझकॉलरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत फोकस एरिया नावाची सोय आहे. तिथे भागाला वजन देता येतं: लक्ष्यावर जास्त भर, बाकीच्यावर कमी, पण बाकीचं पूर्ण अदृश्य नाही. मला आता हीच पद्धत पटते. पूर्ण पडदा टाकायची गरज मला क्वचितच पडली आहे.

दुसरी वाट: फिल्टर न लावता दोनतीन दिवस चालवून मोठा कॉर्पस साठवायचा, त्याची प्रत काढायची, आणि त्या कॉर्पसवर अरुंद फिल्टर लावायचा. वाटेच्या पायऱ्या तोवर प्रोग्रॅममध्ये आलेल्या असतात.

फिल्टरबाहेरचं थोडं कव्हरेज दिसतं त्याचाही खुलासा इथेच करतो. फझर सुटे ब्लॉक न मोजता एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर गेलेली वाट मोजतो. तिचं एक टोक फिल्टरच्या आत आणि दुसरं बाहेर असलं तरी ती वाट धरली जाते, म्हणजे हव्या त्या भागात शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे रस्ते हरवत नाहीत. सीमेवर असं थोडं बाहेरचं दिसणं हा बिघाड नाही. तो दुरुस्त करायला जाऊ नका.

तपासणी ७: कोड चालतो, पण दुसऱ्याच्या नावावर

ही दुसरी चाळणी. तोच प्रोग्रॅम, वेगळं कव्हरेज, हे लक्षण बहुधा इथून येतं.

केकोव्ह ज्या टास्कने चालू केला त्याच टास्कचे पत्ते नोंदवतो. त्या टास्कच्या अंगावर येऊन चाललेले इंटरप्ट तो वगळतो, आणि वगळायलाच हवेत, कारण नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट तुमच्या प्रोग्रॅममुळे आला असं कोणी म्हणू शकत नाही. पण कर्नलमध्ये बरंच काम पुढे ढकललं जातं: वर्कक्यूकडे, कर्नल थ्रेडकडे, सॉफ्टआयआरक्यूकडे. ते काम तुमच्याच सिस्टिम कॉलने सुरू केलेलं असतं, पण चालतं दुसऱ्याच्या संदर्भात. केकोव्हच्या वहीत त्याची नोंद नाही.

नेट/स्केडमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. पॅकेट पाठवलं की ते क्यूडिस्कच्या रांगेत पाठवणाऱ्याच्याच संदर्भात शिरतं. रांगेतून बाहेर काढणं कधी तिथल्या तिथे होतं, तर कधी एका वेळचा ठरलेला वाटा संपला म्हणून सॉफ्टआयआरक्यूवर ढकललं जातं. पहिल्या वेळी बाहेर काढण्याच्या फंक्शनचं कव्हरेज दिसतं, दुसऱ्या वेळी नाही. प्रोग्रॅम तोच. मशीनवर ताण असेल तसं हे बदलतं.

ओळखायची खूण: संशयित फंक्शनमध्ये एक तात्पुरती छापणारी ओळ घाला आणि कर्नल लॉग पाहा. ओळ छापली जाते आणि कव्हरेज मात्र शून्य, म्हणजे कोड दुसऱ्या संदर्भात चालतोय. छापताना टास्कचं नावही छापलं तर कोणाच्या नावावर चालतोय तेही कळतं.

यावर कर्नलमध्येच उपाय आहे, रिमोट कव्हरेज. लिनक्स ५.५ मध्ये, २०२० च्या सुरुवातीला तो आला. पार्श्वभूमीत चालणाऱ्या कोडच्या सुरुवातीला आणि शेवटी खुणेची फंक्शनं लावायची, आणि हे काम कोणासाठी चाललंय ते एका हँडलने सांगायचं. यूएसबी हबच्या थ्रेडला आणि व्हीहोस्टच्या कामगार थ्रेडला अशा खुणा आधीच आहेत. तुमच्या भागाला नसतील तर स्वतः लावाव्या लागतील, आणि इथून पुढे काम खरोखर अवघड होतं. त्याबद्दल शेवटी.

खुणा लावणं जमण्यासारखं नसेल तर निदान फिल्टर शहाणा करा. ज्या फंक्शनचं कव्हरेज कधी येतं, कधी जातं, ती फिल्टरमधून काढा. नवं काही सापडलं की ते टिकाऊ आहे का हे पाहायला सिझकॉलर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवतो. डळमळीत फंक्शन फिल्टरमध्ये असतील तर त्याचा वेळ तिथेच जातो.

तपासणी ८: बफर आधीच भरला

फिल्टर बफर वाचताना लागतो, भरताना नाही, हे वर सांगितलं. त्याचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. बफरची लांबी ठरलेली असते. तो भरला की केकोव्ह पुढचे पत्ते गुपचूप सोडून देतो, कुठेही चूक दाखवत नाही. एखादा लांबलचक सिस्टिम कॉल, समजा फाइलसिस्टिमची मोठी इमेज माउंट करणारा, नको असलेल्या कोडमध्ये लाखो ब्लॉक फिरून मग तुमच्या भागात पोचला, तर तोवर वही संपलेली असते. फिल्टर बरोबर, कोड चालला, कव्हरेज शून्य.

असा संशय आला तर एकच प्रोग्रॅम एकट्याने चालवा आणि बफरच्या पहिल्या खणातला आकडा पाहा. तिथे किती पत्ते नोंदले गेले ते असतं. तो कमाल मर्यादेला टेकलेला असेल तर निदान झालं.

मग पहिल्या चाळणीकडे परत जायचं. केकोव्हच्या कॉन्फिगमध्ये "इन्स्ट्रुमेंट ऑल" नावाचा पर्याय आहे आणि तो मुळात चालू असतो. तो बंद करायचा, आणि फक्त हव्या त्या फोल्डरांच्या मेकफाइलमध्ये होकार लिहायचा. सर्वसाधारण फझिंगला पूर्ण कर्नल घ्या आणि नेमक्या भागाला मोजक्या फाइली, असा सल्ला त्या पर्यायाच्या मदत-मजकुरातच दिला आहे. बफर स्वच्छ राहतो आणि कर्नलचा वेगही वाढतो. किंमत म्हणजे फिल्टर बदलला की कर्नल पुन्हा बांधायचं. म्हणून ही तपासणी शेवटी ठेवली आहे. तपासणी ६ मधली वाटेवरची फोल्डरं इथेही विसरू नका, नाहीतर एक बिघाड काढून दुसरा बसेल.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मशीनच्या लॉगमध्ये मशीन चेकच्या (प्रोसेसरने स्वतः नोंदवलेल्या हार्डवेअरच्या) चुका दिसू लागल्या, किंवा तोच प्रोग्रॅम एका मशीनवर दर वेळी नीट आणि दुसऱ्यावर दर वेळी वेगळा वागला, तर फिल्टरला हात लावू नका. ती मेमरीची किंवा वीजपुरवठ्याची गोष्ट असू शकते. मेमरी टेस्ट रात्रभर चालवा, चुका आल्या तर मशीन हार्डवेअरवाल्याकडे द्या. मे महिन्यात आमची खोली तापली की मी हे आधी तपासतो.

रिमोट कव्हरेजच्या खुणा स्वतः लावायच्या असतील आणि त्या थ्रेडचं आयुष्य कोण सांभाळतं, काम रद्द झालं तर काय होतं, एकाच वेळी दोन कामं आली तर काय, या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर त्या भागावर काम केलेल्या कर्नल डेव्हलपरला सोबत घ्या. चुकीच्या जागी लावलेली खूण नवा बिघाड जन्माला घालते आणि तुम्ही तो कर्नलचा बग समजून त्याच्या मागे लागता.

वरच्या आठही तपासण्या झाल्या, ऑब्जडम्पमध्ये हाका दिसतात, कोड त्याच टास्कमध्ये चालतो, बफरमध्ये जागा आहे, तरी पत्ता येत नाही: मग कंपायलर किंवा केकोव्हच्याच दोषाची शक्यता उरते. कंपायलरची आवृत्ती बदलून एकदा बांधून पाहा. तेवढं करून थांबा आणि लहानात लहान प्रोग्रॅम, कॉन्फिग आणि दोन्ही बिल्ड आयडी घेऊन त्या प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांना लिहा. त्याहून अर्धवट माहितीवर कोणी मदत करू शकत नाही.

आणि फिल्टर नीट बसल्यावर फझरला खरोखर काही सापडलं, मोकळी केलेली मेमरी वापरली जाते किंवा हद्दीबाहेर लिहिलं जातं असा कासानचा (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या सोयीचा) रिपोर्ट आला, तर तो गटात टाकू नका, स्क्रीनशॉट पाठवू नका. आधी ताज्या कर्नलवर तो उद्भवतो का पाहा. उद्भवला आणि बाहेरच्या कोणाला त्याचा गैरफायदा घेता येईल असं वाटलं, तर लिनक्स कर्नलच्या सुरक्षा टीमला आणि त्या भागाच्या देखभालकर्त्यांना खासगी मेलने कळवा. पहिल्यांदाच कळवत असाल तर आधी हे काम केलेल्या कोणाला तरी मेल वाचायला द्या, आणि मगच पाठवा.